गिटार ॲम्प्लिफायरमधील पॉवर ट्यूबची निवड

पॉवर ट्यूब ही विद्युत गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील अंतिम टप्प्याची निर्वात नलिका होय. प्राथमिक टप्प्यातून आलेल्या संकेताला ध्वनिक्षेपक चालवण्याइतकी शक्ती ती पुरवते. बोलीभाषेत निर्वात नलिकेस व्हॉल्व्ह म्हणतात. वापराने या नलिका क्षीण होतात व बदलाव्या लागतात. आवाज मंदावणे, गुणगुण वाढणे, वारंवार फ्यूज जाणे किंवा नलिकेतील प्लेट लाल होणे ही बिघाडाची लक्षणे मानली जातात.

प्रमुख प्रकार
आरसीए कंपनीने १९३६ मध्ये ६एल६ ही नलिका बाजारात आणली. तिच्या ६एल६जीसी या सुधारित रूपाची प्लेट-क्षमता ३० वॉट आहे. युरोपात विकसित झालेल्या ईएल३४ ची क्षमता २५ वॉट, तर केटी८८ ची सुमारे ४२ वॉट आहे. मार्शलच्या जेसीएम८०० मालिकेतील १०० वॉटच्या २२०३ या प्रारूपात चार ईएल३४ असतात. पीव्ही ५१५० मध्ये चार ६एल६जीसी असतात. ईएल३४ मध्ये मध्यम स्वर ठळक होतात, तर ६एल६जीसी मध्ये खर्ज अधिक भरीव वाटतो, असे वादक सामान्यतः मानतात.

विरूपणाचा उगम
उच्च गेनच्या ॲम्प्लिफायरमधील विरूपण मुख्यत्वे प्राथमिक टप्प्यातील १२एएक्स७ या लहान नलिकांत निर्माण होते. त्यामुळे केवळ पॉवर ट्यूब बदलून गेन वाढत नाही. फरक पडतो तो प्रामुख्याने खर्जाची घट्टता, स्वरांचा समतोल व मोठ्या आवाजातील प्रतिसाद यांत.

अनुरूपता
दोन्ही नलिकांना आठ पिनांची एकच बैठक चालते. तथापि त्या परस्परांच्या जागी सरसकट बसवता येत नाहीत. ६.३ व्होल्टवर ईएल३४ चा तापक १.५ अँपिअर, तर ६एल६जीसी चा ०.९ अँपिअर प्रवाह घेतो. चार नलिकांचा हा भार ३.६ वरून ६ अँपिअरवर गेल्यास मूळ रोहित्र तापून निकामी होण्याचा संभव असतो. ईएल३४ साठी पिन १ व पिन ८ यांची जोडणीही आवश्यक असते. उलटपक्षी ६एल६जीसी ला सामान्यतः ग्रिडवर अधिक ऋण व्होल्टेज लागते. मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरसारख्या काही ॲम्प्लिफायरांत दोन्ही प्रकारांसाठी स्वतंत्र कळ दिलेली असते.

बायस व जुळणी
संकेत नसताना नलिकेतून वाहणारा प्रवाह बायसने ठरतो. ग्रिडवर स्थिर ऋण व्होल्टेज देणाऱ्या मंडलांत प्लेट-क्षमतेच्या ६० ते ७० टक्के ही मर्यादा प्रचलित आहे. उदाहरणार्थ, प्लेटवर ४५० व्होल्ट असताना ईएल३४ साठी ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, त्यानुसार प्रवाह सुमारे ३९ मिलिअँपिअर येतो. बायस जुळवण्याची सोय नसल्यास त्या मंडलाला योग्य अशा मोजून निवडलेल्या नलिकाच घ्याव्या लागतात. जोडीतील नलिकांचा प्रवाह समान असल्यास निर्गम रोहित्रावर असमतोल पडत नाही व गुणगुण कमी राहते. म्हणून नलिका जुळवलेल्या जोडीने बदलण्याचा प्रघात आहे.

सुरक्षितता
ॲम्प्लिफायरमधील कपॅसिटरांत वीज बंद केल्यावरही प्राणघातक व्होल्टेज शिल्लक राहू शकते. म्हणून बायसची मोजणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घेणे इष्ट ठरते. ध्वनिक्षेपक न जोडता ॲम्प्लिफायर चालवल्यास निर्गम रोहित्र व नलिका दोहोंना हानी पोहोचू शकते.