न्यूयॉर्ककडे वाहणारा राखीव निधी
अमेरिकेच्या १८६४ च्या राष्ट्रीय बँक कायद्याने राखीव निधी किती असावा, यासोबत तो कुठे ठेवता येईल हेही ठरवले. ग्रामीण बँकांसाठी प्रमाण १५ टक्के होते. त्यातला तीन-पंचमांश नेमलेल्या शहरांतील बँकांत ठेवता येई. त्या शहरी बँकांना २५ टक्क्यांची अट, पण निम्मी रक्कम न्यूयॉर्कमध्ये ठेवण्याची मुभा. न्यूयॉर्कच्या बँका या ठेवींवर व्याज देत आणि तो पैसा शेअरबाजारातील दलालांना, मागताक्षणी परतीच्या बोलीवर, कर्जाऊ देत. खरा धोका इथेच होता. सुगीत पीकखरेदीसाठी ग्रामीण बँका एकाच वेळी पैसे परत मागत आणि न्यूयॉर्कमध्ये रोकड आटे. १८७३ आणि १९०७ च्या संकटांत तर तिथल्या बँकांनी रोख देणेच आखडते घेतले. १९१३ च्या कायद्याने फेडरल रिझर्व्ह व्यवस्था आली. १९१७ पासून सदस्य बँकांचा बंधनकारक निधी केवळ फेडरल रिझर्व्ह बँकांतच ठेवावा लागू लागला.