दुधी काचेवरचं कुटुंब

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माजघराच्या भिंतीवर पणजोबांच्या वेळचा एखादा फोटो असेल. खुर्चीत पणजोबा, शेजारी पणजी, मागं लेक-सुना, आणि पुढं बसवलेल्या धाकट्या पोराच्या तोंडाजागी नुसता धुरकट ठिपका! जुनी माणसं फोटोला भ्यायची म्हणून ताठ बसत, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. ताठपणाचं कारण बरंचसं भिंगात आहे.

१८३९ साली फ्रान्समध्ये दाग्येरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. तेव्हाची भिंगं इतका थोडा उजेड घेत, की माणसाला कित्येक मिनिटं उन्हात निश्चल बसावं लागे. घराचा फोटो निघे, घरच्यांचा निघणं कठीण! १८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सवाल यांनी हिशेब मांडून खास चेहऱ्यांसाठी भिंग रचलं. ते आधीच्यापेक्षा सुमारे १६ पट उजेड घेई. रसायनंही सुधारली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

पण त्यात एक मेख होती. मधला चेहरा लख्ख, कडेचे अंधुक. एकट्या माणसाला हे भिंग उत्तम. दहा जणांच्या घरात कडेला उभी राहिलेली सून मात्र पुसट व्हायची. १८६६ मध्ये लंडनला डालमायर आणि म्युनिकला श्टाइनहाइल यांनी कडेपर्यंत रेखीव चित्र देणारी भिंगं काढली, पण त्यांत उजेड कमी. म्हणजे पुन्हा बसा ताठ! डोकं हलू नये म्हणून मानेमागं लोखंडी टेकूसुद्धा लावीत.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते.

आता फोटोवाला काळ्या कापडाआड करी काय? कॅमेऱ्याच्या पाठीला दुधी काच असे. तिच्यावर सारं कुटुंब उलटं दिसे. पागोटी खाली, पाय वर, डावीकडची आत्या उजवीकडे. भाता मागंपुढं करून डोळे रेखीव दिसले, की काच बाजूला घेऊन नेमक्या त्याच जागी प्लेट बसवायची. केसभर फरक पडला तरी चेहरे बिघडले. आणि प्लेट आत गेली की त्याला काचेतून काहीच दिसत नसे, बरं का! पोर हललं तर ते प्लेट धुतल्यावरच नीट कळायचं. आरशाच्या कॅमेऱ्यांनी ही अडचण पुष्कळशी दूर केली. १९४९ साली ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एसमध्ये तर लोलक बसवून चित्र सुलटंही दिसू लागलं.

गुरुजींनो, वर्गात हे दाखवायला खर्च नाही. खोली अंधारी करा, एकच खिडकी उघडी ठेवा. तिच्यासमोर वाचायचं भिंग धरा आणि मागं तेल लावलेला कागद हळूहळू सरकवा. अंगणातलं झाड कागदावर उलटं उभं राहील. मग दोन मुलांना अंगणात पुढंमागं उभं करा आणि दोघंही एकाच वेळी रेखीव दिसतात का, ते वर्गालाच पाहू द्या.