साखरेच्या कोठारातले गादीवाफे

‘जगाचे साखरेचे कोठार कोणते?’ या रिकाम्या जागेत ‘क्युबा’ लिहून आपण सगळ्यांनी एकेक गुण मिळवला आहे. त्या कोठारात पुढे काय झाले, ते पुस्तकात आले नाही. आपण सातवीत होतो तेव्हा, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ मोडला. आपल्यापुरता फक्त नकाशा बदलला. क्युबाचे मात्र घरच बसले.

साखर द्यायची आणि बदल्यात तेल, खते, ट्रॅक्टरचे सुटे भाग घ्यायचे, असा त्यांचा व्यवहार होता. तो थांबताच ट्रॅक्टर उभे राहिले, शेतात बैल आले. अमेरिकेची व्यापारबंदी होतीच. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांवर लोकांची नजर अधू झाली किंवा हातापायांच्या नसा बधिर झाल्या. निकस आहार हे त्याचे एक मोठे कारण. सरकारने सगळ्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या. १९९२ मध्ये हरकिशनसिंग सुरजीत यांच्या पुढाकाराने आपल्याकडूनही १० हजार टन गहू जहाजाने गेला.

गहू जहाजाने जातो, पालेभाजी नाही. डिझेलअभावी खेड्यातली भाजी हवानापर्यंत पोचेना, तेव्हा ती हवानातच पिकवायची ठरली. पण शहरातली मोकळी जागा कसली? राडारोड्याचे भूखंड, फरसबंद आवारे. तिथे कुदळही चालेना. म्हणून सिमेंटचे ब्लॉक, फुटक्या विटा, दगड, मिळेल त्याची बुटकी भिंत रचून आत माती भरली. काही ठिकाणी मातीविना शेतीचे लांबट हौद आधीच होते. त्यात सोडायचे रासायनिक द्रावण मिळेना, तेव्हा त्यांतही माती आणि कुजलेले खत पडले. ‘हायड्रोपोनिक’मधला हायड्रो जाऊन ऑर्गानो आला, म्हणून नाव ‘ऑर्गानोपोनिको’.

मला (सवयीने!) यातली मापे आवडतात. वाफ्याची रुंदी साधारण १.२ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. कोणी वाफ्यात पाय देत नाही, माती दबत नाही. खोली फार तर ३० सेंटीमीटर. एवढ्या मातीचा बाजूला रेटा थोडाच. पोकळ ब्लॉक १५ किलोच्या आसपास भरतो, नुसता जोडून ठेवला तरी बहुधा हलत नाही. असे ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० साली घेतले होते, अर्थात घरांच्या भिंतींसाठी. भरावात शेणखत, गांडूळखत आणि साखर कारखान्यातला प्रेसमड. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना प्रेसमड काय ते सांगायला नको! कडेला झेंडू आणि मका, किडींच्या बंदोबस्तासाठी.

‘हवाना स्वतःचे पोट स्वतः भरते’ असे कौतुकाने लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. वाफ्यात मुळा, लेट्यूस, कोबी येतात. धान्य क्युबा बाहेरूनच आणत राहिला. पण ज्या शहरात नजर जाईपर्यंत उपासमार झाली, तिथे रोज ताजी भाजी मिळू लागली, ही गोष्ट लहान नाही. साखरेचे म्हणाल तर २००२ मध्ये १५६ पैकी ७१ कारखाने बंद झाले आणि उसाच्या कितीतरी जमिनीवर दुसरी पिके आली.

हवानाच्या पूर्वेला अलामार ही सिमेंटच्या एकसारख्या इमारतींची वसाहत आहे. तिथे १९९७ मध्ये ‘विव्हेरो अलामार’ ही सहकारी शेती सुरू झाली आणि पुढे सुमारे १० हेक्टरवर पसरली. भाजी तिथेच काढतात, तिथेच विकतात. समोरच्या इमारतींतली माणसे पिशवी घेऊन चालत येतात.