एक मारला, सहा मेले

तर झालं असं. गेल्या शनिवारी रात्री खेळ ऐन रंगात होता. आम्ही नांदेडच्या शाळेतले चार मित्र. दोघं पुण्यात, एक नांदेडलाच, एक लातूरला. दर शनिवारी ऑनलाइन 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. राक्षस सांभाळायचं काम माझ्याकडे. लातूरकरानं एका गॉब्लिनला बाण मारला आणि नकाशावरचे सहाही गारद!

नांदेडकर म्हणाला, "बाकीचे कामून मेले रे?"

चूक माझीच. मी एका गॉब्लिनच्या टोकनच्या प्रती काढल्या, पण सगळ्यांचे हिट पॉइंट्स एकाच कॅरेक्टर शीटला जोडलेले राहिले. सोंगट्या सहा, जीव एक. म्हणजे पॉइंटर सहा, ऑब्जेक्ट एकच :) नायकाचं टोकन शीटला जोडायचं, कारण तो पुढच्या शनिवारी जखमांसकट परत येणार. किरकोळ राक्षसांचं नाही.

मग रविवारभर डोक्यात एकच किडा: सोंगटीला असा मोजता येणारा जीव आला कधी?

लहानपणी आजीच्या ओसरीवर आम्ही वाघ-बकरी खेळायचो. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलं की तिथं पुली-मेका. वाघ तीन, बकऱ्या पंधरा. वाघ म्हणजे खडे, बकऱ्या म्हणजे चिंचोके. बकरी एकतर पटावर आहे, नाहीतर वाघानं उडी मारून खाल्ली. अर्धी जखमी बकरी नसते. वाघ तर मरतच नाही, कोंडला जातो. सगळा हिशेब पटावरच.

हे बदललं प्रशियात. १८२४ साली राइस्विट्झ नावाच्या लेफ्टनंटनं लष्करी अधिकाऱ्यांसाठी 'क्रीगस्पील'चे नियम छापले. नकाशावर लाल-निळे शिशाचे ठोकळे, पण कुठल्या तुकडीचं किती नुकसान झालं ते पंच कागदावर मांडायचा. ठोकळा सांगणार 'कुठे', कागद सांगणार 'किती उरलं'.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली डी अँड डी आणला. राक्षसांच्या बाहुल्या कुठून आणायच्या? गायगॅक्सकडे हाँगकाँगहून आलेले स्वस्तातले, विचित्र आकाराचे प्लॅस्टिकचे प्राणी होते. त्यांतूनच रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि ब्युलेट जन्मले. आधी सोंगटी, मग कागदावर तिचा जीव!

संगणकानं हा कागद सोंगटीच्या पोटात घातला. सोय झाली, पण तो कुणाकुणात सामायिक आहे ते वरून दिसेना.

असो. खरा पेच वेगळाच होता. लातूरकराच्या योद्ध्याचे दोनच पॉइंट उरले होते. पाच गॉब्लिन पुन्हा उठवले तर तो बहुतेक मरणार. तीन वर्षं सांभाळलेलं पात्र! मी गप्प बसलो.

रविवारी रात्री त्याचाच फोन. "उठव पाची. चाल मागं घ्यायची नसती, पण पट चुकला असंल तर पुन्हा मांडावा लागतो."

दोनशे वर्षांनंतरही कागद पंचाच्याच हातात आहे, आणि तो खरा ठेवणं हेच त्याचं काम. पाचही उभे केलेत, प्रत्येकाचा आकडा वेगळा. आज रात्री खेळ आहे. बघू.