शोध आधी, आजार नंतर : बीके विषाणूची कुळकथा

वैद्यकाच्या इतिहासात बहुधा आजार आधी ओळखला जातो आणि त्याला कारण होणारा जंतू मागाहून सापडतो. रोपित मूत्रपिंड निकामी करू शकणाऱ्या बीके विषाणूच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटला. लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली, रोपणानंतर मूत्रवाहिनी अरुंद झालेल्या एका रुग्णाच्या मूत्रातून हा विषाणू वेगळा केला आणि रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच त्याला चिकटली. ‘लॅन्सेट’च्या त्याच अंकात त्याचा भाऊबंद, मेंदूच्या एका दुर्मीळ विकारात सापडलेला जेसी विषाणूही जगापुढे आला. पुढे रक्तचाचण्यांतून असे दिसले, की बहुसंख्य माणसांना बीकेचा संसर्ग बालपणीच, फारशी लक्षणे न दाखवता होऊन जातो, आणि त्यानंतर तो मूत्रपिंडात व मूत्रमार्गाच्या अस्तरात आयुष्यभर निपचित राहतो. साहजिकच सुमारे दोन दशके त्याची गणना निरुपद्रवी विषाणूंत होत राहिली.

ही स्थिती पुढे का पालटली, याचे उत्तर औषधांच्या वंशावळीत शोधावे लागते. बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी १९५४ साली केलेले रोपण एकरूप जुळ्यांमधले असल्यामुळे शरीराने नवा अवयव परका मानला नाही. इतरांसाठी सर्वांगावर क्ष-किरणांचा मारा करून पाहण्यात आला, पण त्यात प्रतिकारशक्ती इतकी कोसळे की बहुतेक रुग्ण संसर्गानेच दगावत. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतील, पेशींचे विभाजन रोखणारे अझाथायोप्रिन आणि त्याला १९६३च्या सुमारास डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी दिलेली प्रेडनिसोन या स्टेरॉइडची जोड, एवढ्यावर पुढची अनेक वर्षे निभावली. या काळात मूत्रपिंडे मोठ्या संख्येने रिजेक्शनमुळे, म्हणजे शरीराने अवयव नाकारल्यामुळेच जात. त्या गर्दीत विषाणूची काही प्रकरणे नजरेतून सुटली असावीत, हेही संभवते.

नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठारावरच्या मातीतल्या बुरशीपासून बाझेलच्या सँडोझ कंपनीत सायक्लोस्पोरिन निघाले आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टी-पेशी, म्हणजे परक्या ऊतींवर आणि विषाणूबाधित पेशींवरही चाल करून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, कॅल्सिन्यूरिन नावाच्या विकराच्या मदतीने जागृत होतात. हे औषध त्या विकरालाच अडवते. जपानमधील त्सुकुबाच्या मातीतून १९८४ साली मिळालेले टॅक्रोलिमस तेच काम कितीतरी कमी मात्रेत करते, आणि १९९५ साली मायकोफेनोलेटचीही त्यात भर पडली. रिजेक्शनचे प्रमाण घटले, परंतु ज्या पेशी अवयव नाकारतात त्याच बीकेवर पहारा ठेवतात, त्यामुळे पहारेकरी गुंगीत जाताच घरातला जुना बिऱ्हाडकरू पसरू लागला.

पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी १९९५ साली रोपित मूत्रपिंडातून सुईने काढलेल्या तुकड्यावर, म्हणजे बायॉप्सीवर, बीकेच्या बाधेचे निदान प्रसिद्ध केले आणि त्यानंतर असे रुग्ण ठिकठिकाणी ओळखले जाऊ लागले. या आजारात रक्तातील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढते आणि ऊतींत दाह दिसतो. हे चित्र रिजेक्शनसारखेच असल्यामुळे स्टेरॉइड वाढवले जाई, आणि त्याने विषाणूला आणखीच रान मोकळे मिळे. एकाच लक्षणाची दोन कारणे आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या नेमके विरुद्ध, असा पेच वैद्यकातही क्वचितच पडतो. तो सोडवण्यासाठी एसव्ही-४० या माकडांतील विषाणूच्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड कामी आले, कारण दोघांच्या नातेसंबंधामुळे ते बीकेच्या प्रथिनालाही चिकटते आणि बाधित पेशींची केंद्रके रंगून उठतात. मूत्रातील ‘डिकॉय’ पेशी, म्हणजे फुगलेल्या केंद्रकामुळे कर्करोगाच्या वाटाव्यात अशा पेशी, ही त्याहून सोपी, पण ढोबळ खूण होय.

बाझेलच्या हान्स हिर्श आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की रक्तातील विषाणूच्या डीएनएचे मोजमाप केल्यास मूत्रपिंडाच्या बाधेचा अंदाज बांधता येतो. तेव्हापासून विषाणू आधी मूत्रात, मग रक्तात आणि शेवटी मूत्रपिंडात अपाय करतो हा क्रम लक्षात घेऊन पहिली दोन वर्षे ठरावीक अंतराने रक्त तपासण्याची पद्धत रूढ झाली. रोपणानंतरच्या दुसऱ्या मोठ्या शत्रूसाठी, सायटोमेगॅलो विषाणूसाठी, गॅन्सिक्लोव्हिर हे प्रभावी औषध आहे. बीकेवर तसे मान्यताप्राप्त औषध नाही, आणि प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची मात्रा जपून उतरवणे हाच आजही मुख्य उपचार आहे. त्या उपरही मूत्रपिंड गेलेच, तर रक्तातून विषाणू नाहीसा झाल्यावर दुसरे रोपण करता येते आणि ते बहुधा यशस्वी होते.