चौरस फुटांचा हिशेब अपुरा आहे

मुंबईत नोकरी करणारे मराठी कुटुंब जागा शोधू लागले की सल्ला एकच मिळतो : मुलुंडला जेमतेम वन बीएचके येईल, तेवढ्याच पैशांत बदलापूर-विरारला ऐसपैस टू बीएचके येतो, तोच घ्या. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. आजी-आजोबांना स्वतंत्र खोली मिळते, मुलांना अभ्यासाला जागा मिळते, कर्जाचा हप्ता झेपतो. प्रवासाला लोकल आहे. वस्ती वाढली की शाळा, दवाखाना, पाणी येईलच. पार्लेही एके काळी शेतवाडीच होते. असे सांगणारी माणसे आपली हितचिंतकच असतात. तरीही हा युक्तिवाद टिकत नाही. घर लहान असले तरी चालेल, पण ते जवळच्या, रुळलेल्या वस्तीत हवे.

आधी प्रवासाचे पाहू. सीएसएमटीहून बदलापूर 68 किलोमीटर. वेळापत्रक फक्त गाडीतला वेळ सांगते. शेअर रिक्षाची रांग, चढताच न आल्याने सोडलेली लोकल, उतरल्यावरची बस यांचा हिशेब त्यात नसतो. शिवाय कल्याणपर्यंत जलद आणि धिम्या गाड्यांचे मार्ग वेगळे आहेत. पुढे कर्जतकडे मात्र लोकल, पुण्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांना दोनच मार्ग. एक गाडी रखडली की मागच्या साऱ्या रखडतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम हाती घेतले आहे, हे खरे. पण हप्ता आजपासून सुरू होतो. जाऊन-येऊन रोज चार तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 1,200 तास होतात, म्हणजे 50 अहोरात्र. आई-वडील दोघेही नोकरी करत असतील, तर हा आकडा दुप्पट. मग त्या जास्तीच्या खोलीत मुलाजवळ बसणार कोण?

आता पार्ल्याचा दाखला, कारण पूर्वपक्षाचे ते सर्वांत आवडते अस्त्र आहे. पार्ले टिळक विद्यालय 1921 चे, लोकमान्य सेवा संघ 1923 चा. या संस्था आपोआप आल्या नाहीत. लोकांनी आपल्या संध्याकाळी खर्चून त्या उभ्या केल्या. पार्ले चर्चगेटपासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. तिथल्या नोकरदाराला संध्याकाळ उरत होती. रात्री नऊला घरात पाऊल टाकणारा माणूस वाचनालय कधी काढणार? ज्या दाखल्याने दूरच्या वस्तीचे समर्थन करायचे, तोच तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

आणि ‘येईलच’ म्हणजे कधी? वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये स्थापन झाली. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी तिला मिळू लागले 2023 मध्ये. 2009 साली जन्मलेले मूल तोवर माध्यमिक शाळेत पोचले होते. बालपण योजनेसाठी थांबत नाही. हा दोष केवळ दूरच्या उपनगरांचा आहे, असेही नाही. ठाण्यासारख्या शहरातही घोडबंदर रस्त्यावर महागड्या मनोऱ्यांच्या दारात टँकर येतात. म्हणून मी ‘जवळची’ याबरोबरच ‘रुळलेली’ वस्ती म्हणतो.

पुराचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नदीकाठी पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते : निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत कोणत्या रेषेच्या आत आहे, हे न पाहता केवळ दर पाहणे म्हणजे अर्धाच व्यवहार पाहणे.

दोन आक्षेप मात्र मला मान्य आहेत. ज्याची नोकरीच अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे, त्याला बदलापूर उत्तम. आणि जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. घरात गुडघेदुखीचे वडीलधारे असतील, तर तळमजला किंवा लिफ्ट ही पहिली अट. पण यातून दूरचे मोठे घर सिद्ध होत नाही. कामाच्या ठिकाणाजवळचे, चालत फिरता येईल असे घरच सिद्ध होते.

वाचकांनीच निवाडा करावा. टोकन देण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी त्या संकुलाच्या फाटकातून कचेरीच्या वेळेला निघा आणि संध्याकाळच्या गर्दीतून परत या. परतल्यावर वॉचमनला एकच विचारा : टँकर दिवसाला किती येतात?