नळदुर्गचा चिखल, झोजिलाचा बर्फ

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने हैदराबादच्या निजामाची हद्द ओलांडली आणि पहिली झुंज झाली ती नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या सैनिकांनी उडवला असता, तर पुढची सगळी घोडदौड तिथेच अडली असती. पण सातव्या ब्रिगेडने अचानक हल्ला करून पूल धडधाकट ताब्यात घेतला. मग स्टुअर्ट रणगाडे पुढे झाले. नऊच्या सुमारास जळकोट मोकळं झालं आणि दुपारी सव्वातीनला आघाडीची तुकडी उमरग्यात होती, म्हणजे सरहद्दीपासून सुमारे 60 किलोमीटर आत. दुसरी तुकडी तुळजापूरकडे गेली. तिथे निजामाचे सैनिक आणि 200 च्या आसपास रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, दोन तास लढले, मग शरण आले. लोहाऱ्याकडची वाट मात्र कुणा रझाकाराने नव्हे, तर फुगलेल्या नदीने अडवली. भाद्रपदातला मराठवाडा, दुसरं काय होणार!

स्टुअर्ट रणगाडा दिसायला फारसा भारदस्त नव्हे. अमेरिकन बनावटीचा, वजनाने 15 टनांच्या आत-बाहेर, 37 मिलिमीटरची बारकी तोफ आणि आत चार माणसं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अवजड रणगाड्यांपुढे तो केव्हाच मागे पडला होता. भारतात 1948 साली मात्र त्याच्या वाट्याला दोन अफाट प्रसंग आले. एक धाराशिवच्या काळ्या मातीतला. दुसरा सात आठवड्यांनी, साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत.

असे प्रसंग छोट्या मापात उभेही करता येतात. प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडून ते बर्फात रुतलेले दाखवण्याचा छंद जगभर आहे, आणि त्यातले बहुतेक हौशी कारागीर डोळे मिटून रशियाच्या आघाडीकडे धाव घेतात. त्याला कारणही आहे. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे जर्मन रणगाडे गडद करड्या रंगात उभे होते आणि भोवती सगळं पांढरंफेक. हिवाळ्यासाठी पुरेसा रंग कुणी पाठवलाच नव्हता. सैनिकांनी मिळेल ते फासलं: चुना, खडूची भुकटी, प्रसंगी पांघरलेल्या चादरीसुद्धा. पुढे धुऊन काढता येईल असा पांढरा रंग रीतसर मिळू लागला, पण तोही टिकाऊ नव्हताच. दिवाळीला सफेदी केलेल्या मातीच्या भिंतीचं पुढच्या पावसाळ्यात जे होतं, तेच त्या पोलादाचं होई. ओघळ येत, कडा उघड्या पडत, खालचा रंग डोकावे.

ते डोकावणं हुबेहूब साधणं हाच या छंदाचा गाभा. छंदातली मंडळी त्याला सरळ वेदरिंग म्हणतात. आधी मूळ रंग द्यायचा, तो वाळला की त्यावर केसांना मारायचा हेअरस्प्रे आणि वरून पातळ पांढरा ॲक्रिलिक. काही मिनिटांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या राठ ब्रशने हलके घासलं की खालचा स्प्रे विरघळतो आणि पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटतो. खरी अक्कल इथे लागते. रंग कुठे घासायचा? जिथे माणसाचा बूट पडतो तिथे, झाकणाच्या कडेला, चढायच्या पायरीवर, साखळीपट्ट्यावरच्या पत्र्यावर. जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे पांढरं शाबूत राहायला हवं. नवशिका सगळीकडे सारखं घासतो आणि रणगाड्याला नायटा झाल्यासारखं दिसतं.

मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग रिव्हेटांच्या मुळाशी सोडायचा. 1/35 हे प्रमाण इथे सतत डोक्यात ठेवावं लागतं. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका उडवला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा होतो. या प्रमाणाचा जन्मही गमतीचा आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावावी म्हणून जो आकार ठरला तो 1/35 निघाला. पुढे तोच जगाचा मापदंड बनला. त्या मापाचा स्टुअर्ट जेमतेम 13 सेंटिमीटरचा, तळहातावर मावेल एवढा.

आता झोजिला. श्रीनगरहून लेहला जाणारी वाट याच खिंडीतून जाते, आणि काश्मीरच्या युद्धात ती पाकिस्तानी बाजूने अडवून धरली होती. 1948 च्या सप्टेंबरात 77 पॅराशूट ब्रिगेडने खिंड घेण्यासाठी केलेले हल्ले फसले, कारण कड्यांतल्या मोर्च्यांवरून मशीनगन खाली आग ओकत होत्या. मेजर जनरल थिमय्या यांनी तेव्हा रणगाडे वर न्यायचं ठरवलं. सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूकडून श्रीनगरला आणले गेले ते टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, उतरवून. वाटेतले पूल तकलादू होते आणि गुपितही फुटू द्यायचं नव्हतं. बालतालपासून वर खेचरांची पायवाट होती, ती मेजर थंगराजू यांच्या हाताखालच्या मद्रास सॅपर्सनी रणगाडा जाईल इतकी रुंद केली. हवामान बिघडल्याने हल्ला पुढे ढकलावा लागला आणि अखेर तो 1 नोव्हेंबरला झाला. आघाडीच्या रणगाड्यात खुद्द थिमय्या होते. सेव्हन्थ कॅव्हलरीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांच्याकडे होतं, ज्यांना फौज ‘स्पॅरो’ म्हणून ओळखते. तोवर जगात इतक्या उंचीवर रणगाडे लढाईत उतरले नव्हते. खिंड अडवून बसलेल्यांना तिथे रणगाडे येतील अशी कल्पनाच नव्हती. खिंड पडली, 15 नोव्हेंबरला द्रास आणि 24 ला कारगिल हाती आलं.

हल्ल्याच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, आश्विन अमावास्या होती, म्हणजे दिवाळी. महाराष्ट्रातल्या पोरांनी अंगणात किल्ले बांधले असतील असे ते दिवस. मातीचे बुरूज, त्यावर उगवलेले अळीव, पायऱ्यांवर मातीचे मावळे, आणि मावळा बुरुजापेक्षा उंच झाला तरी कुणाची तक्रार नाही. परदेशी मासिकं ज्याला डायोरामा म्हणून मिरवतात, ते मराठी घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फक्त प्रमाणाचा काटेकोरपणा आपण कधी मनावर घेतला नाही.

झोजिलाचा देखावा करायचा तर रशियाच्या आघाडीची सवय विसरावी लागेल. तिथे रणगाडा पांढरा करून लपवायचा असे. इथे रणगाडा आहे हाच धक्का होता, त्यामुळे चुन्याच्या थरांपेक्षा अरुंद वाट, ओला खडक आणि साखळीखाली दाबला गेलेला मळकट बर्फ यांनाच महत्त्व. बर्फासाठी खाण्याचा सोडा आणि पांढरा डिंक वापरायची जुनी युक्ती आहे, पण तो काही वर्षांनी पिवळा पडतो. म्हणून जाणकार आता काचेची अतिसूक्ष्म पोकळ भुकटी वापरतात.

उरला नळदुर्ग-लोहाऱ्याचा स्टुअर्ट. काचेचं नळदुर्गला कामच नाही. शेतातली काळी माती उन्हात वाळवून, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केली आणि पातळ डिंकात कालवली की काम झालं. फक्त ती साखळीवर थापताना हात आखडता घेऊ नये. काळ्या मातीत भर पावसाळ्यात बैलगाडी घातलेल्या कुणालाही विचारावं, आरे दिसतच नाहीत. 15 टनांच्या रणगाड्याच्या साखळीवर नुसते नाजूक शिंतोडे दाखवले, तर लोहाऱ्याचा माणूस हसेल.